कंबरेची शीर आणि विजेचे उपचार
(ट्रस्टच्या महोत्सवानिमित्त सभासद व त्यांचे कुटुंबीय यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवाच्या व्याख्यानाला शाळामास्तराला बोलाविले म्हणजे तो चारित्र्यावर तरी बोलतो, नाही तर वाचनाच्या गोडीवर तरी. या दोन्ही विषयांवर आपण सर्वांनी आजवर पुष्कळ ऐकले आहे आणि तरीही आपण जसे आहोत तसेच आहोत. म्हणून चिटणीसांनी विचारले तेव्हा मी हा कंबरेचा विषय सुचविला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, मग स्वतःच्या कंबरेवर हात ठेवला आणि 'चालेल' म्हणाले.

विषय सुचण्याचे कारण असे. आपल्या वैद्यकीय मदतीच्या अर्जांची छाननी करणाऱ्यांत मी काही वर्षे बसतो आहे. शहापूर-वडगावच्या मागांवर राबणारे, उद्यमबागेत लोखंडाचे ओतकाम करणारे, आणि घरोघरी कळशा उचलणाऱ्या व धुणी पिळणाऱ्या आपल्या आयाबहिणी यांच्या अर्जांत कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेची तक्रार फार. हल्ली या अर्जांत एक शब्द वाढला आहे, तो म्हणजे 'करंट'. कोणी रोजच्या करंटच्या बिलासाठी मदत मागतो, कोणी करंटचे मशीन विकत घ्यावयाचे म्हणून मागतो, कोणाला सुईतून करंट द्यावयाचा असतो, आणि एखाद्याच्या अर्जासोबत पाठीत बसवावयाच्या यंत्राचा लाखोंचा अंदाज जोडलेला असतो. शब्द एकच, पण त्याखाली चार-पाच निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. ते कळले नाही तर देणाऱ्याचा पैसा जातो आणि घेणाऱ्याचा वेळ जातो. या दुखण्यात कधीकधी पैशापेक्षा वेळ अधिक मोलाचा असतो. तो कसा, हे पुढे येईलच.

मी डॉक्टर नाही. मी विज्ञानाचा पदवीधर असून वीज आणि शरीर हे दोन्ही धडे वर्गात शिकवितो. म्हणून विजेचे कार्य कसे चालते एवढे सांगेन. औषध सांगणार नाही.

प्रथम दुखणे कोणते ते ठरवू. वाकताना कंबर धरते, त्याला आपण उसण भरली म्हणतो. ती बहुधा स्नायूंची असते आणि कंबरेतच राहते. मी बोलतो आहे ते दुखणे निराळे. ते कुल्ल्यातून निघते, मांडीमागून पोटरीत उतरते आणि पायाच्या बोटांपर्यंत पोचते. खोकला आला, शिंक आली की वीज चमकावी तशी कळ जाते; मुंग्या येतात, जळजळ होते. आयुर्वेदात याला गृध्रसी म्हणतात, कारण हा रोगी गिधाडासारखा एक पाय ओढीत चालतो. आमच्या घरी हकीमसाहेबांच्या तोंडी दुसरा शब्द असे: इर्कुन्नसा. लोकांनी त्यातल्या 'नसा'चे 'निसा' केले. निसा म्हणजे स्त्रिया, म्हणून हा बायकांचाच रोग असा समज कित्येक घरांत बसला, आणि पुरुष माणसे तो सांगावयास लाजू लागली! वास्तविक 'नसा' हे त्या शिरेचेच नाव आहे. गंमत अशी की अरबीत 'इर्क' या शब्दाचा एक अर्थ शीर आणि दुसरा अर्थ झाडाचे मूळ. हे दुखणे शिरेच्या मुळाचेच आहे, हे त्या शब्दात नकळत येऊन गेले आहे.

आता ते मूळ कोठे असते? आपल्या पाठीच्या कण्यातून मज्जारज्जू खाली येतो. पहिल्या-दुसऱ्या कंबरमणक्याच्या सुमारास तो संपतो, आणि त्याच्यापुढे नुसती मुळे घोड्याच्या शेपटीसारखी खाली लोंबत असतात. कण्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. दोन मणक्यांच्या मधे एक चकती असते. तिची कड चिवट आणि आतला भाग मऊ, लिबलिबीत असतो. करंजीची कड नीट दाबली गेली नाही तर तळताना सारण बाहेर येते, तसे या चकतीची कड फाटली की आतला मऊ भाग बाहेर येतो आणि शेजारून जाणाऱ्या मुळाला लागतो. कंबरेच्या शेवटच्या दोन चकत्यांवर भार सर्वांत जास्त, म्हणून बहुतेक प्रकार तेथेच घडतात. पाचव्या कंबरमुळाला इजा झाली तर कळ नडगीच्या बाहेरच्या बाजूने पायाच्या वरच्या भागावर अंगठ्याकडे जाते; त्याखालच्या मुळाला झाली तर पोटरीमागून करंगळीकडे व तळव्याकडे जाते. दुखते पायात, पण बिघाड कंबरेत. म्हणूनच पाय रगडून रगडून लोक थकतात.

हे ज्ञान एका दिवसात आलेले नाही. हे दुखणे सांध्याचे नसून शिरेचे आहे असे इटलीतील कोतुन्यो या वैद्याने १७६४ साली लिहिले. चकतीचा संबंध बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या शल्यवैद्यांनी जगापुढे ठळकपणे मांडला तो १९३४ साली. मधे १७० वर्षे गेली. पण केवळ दाबाने मूळ दुखते काय? हात उशाखाली सापडून राहिला तर तो बधिर होतो, मुंग्या येतात. तो असा भाजल्यासारखा महिनोन् महिने दुखत नाही. या प्रश्नाचा छडा लावण्यासाठी स्मिथ आणि राइट या दोघा वैद्यांनी एक विलक्षण प्रयोग केला. त्यांनी चकतीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मुळांभोवती नायलॉनचा दोरा घालून त्याची टोके जखमेतून बाहेर ठेवली, आणि पुढे रोगी जागा असताना तो दोरा हळूच ओढून पाहिला. आजारी मुळाचा दोरा जरासा ओढताच तीच जुनी कळ पायात उतरली. निरोगी मुळाला तेवढ्याने तसे काही झाले नाही. हा प्रयोग १९५८ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९९३ साली स्वीडनमधील ओल्मार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकरांवर दाखविले की चकतीतला मऊ भाग मुळावर नुसता ठेवला, दाब मुळीच दिला नाही, तरी त्या मुळाची संदेश वाहण्याची गती मंदावते. म्हणजे त्या पदार्थातच मुळाला चेतविणारी, सुजविणारी द्रव्ये आहेत. दाब आणि दाह या दोघांनी मिळून हे दुखणे होते.

आणि याच गोष्टीत दिलाशाचे बीज आहे. बाहेर आलेला तो भाग शरीराला परका वाटतो. शरीरातील भक्षक पेशी त्यावर तुटून पडतात आणि पुष्कळदा काही आठवड्यांत, काही महिन्यांत तो आक्रसून लहान होतो. सहा ते बारा आठवडे तीव्र दुखणे सोसलेल्या २८३ रोग्यांचे हॉलंडमध्ये दोन गट केले होते: एका गटाची लवकर शस्त्रक्रिया, दुसऱ्याने थांबून पाहावयाचे. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियावाल्यांना आराम लवकर पडला. पण वर्षाअखेर दोन्ही गटांत सुमारे ९५ टक्के लोकांनी आपण बरे झालो असे सांगितले. थांबलेल्या गटातील ३९ टक्क्यांना वर्षभरात शेवटी शस्त्रक्रिया करावीच लागली, हेही सांगितले पाहिजे. तरीही उरलेले पुष्कळ लोक चाकूवाचून बरे झाले. हा आकडा मनात ठेवा, कारण पुढे कोणी म्हणेल की 'आमच्या करंटने सहा आठवड्यांत शंभरांतले साठ बरे केले', तेव्हा आपल्याला विचारता येईल की त्यांतले करंटवाचून किती बरे झाले असते?

आता विजेकडे वळू. शरीराला वीज द्यावी ही कल्पना कोणाला वेडगळ वाटेल, पण शरीर मुळातच विजेवर चालते. इटलीतील गॅल्व्हानी याने मेलेल्या बेडकाच्या तंगड्या विजेच्या स्पर्शाने झटका देतात असे पाहिले आणि १७९१ साली ते प्रसिद्ध केले. त्याच्याशी वाद घालता घालता व्होल्टाने १८०० साली पहिली बॅटरी केली. पण मज्जातंतूत नेमके काय घडते ते समजले विसाव्या शतकात. हॉजकिन आणि हक्सली यांनी इंग्लंडमध्ये माकूल माशाचा मोठा मज्जातंतू घेऊन ते मोजून दाखविले (त्याची जाडी मिलिमीटरपर्यंत असते, म्हणून त्यात तार घालता येते). १९५२ साली त्यांचे शोधनिबंध आले आणि १९६३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे विद्यार्थी नेहमी एक घोटाळा करतात, आणि त्यांचे पालकही. तारेतली वीज म्हणजे इलेक्ट्रॉनांचा ओघ. मज्जातंतू ही तशी तार नव्हे. त्याच्या पातळ आवरणाच्या आत आणि बाहेर सोडियम-पोटॅशियमचे विद्युत्भारित कण असतात. आत ऋण, बाहेर धन. विश्रांतीच्या वेळी हा फरक सुमारे ७० मिलिव्होल्ट असतो, म्हणजे विजेरीच्या सेलच्या विसाव्या हिश्शाइतका. संदेश जाताना आवरणाची दारे उघडतात, सोडियम आत घुसते, फरक क्षणभर उलटतो आणि ही उलथापालथ पुढच्या भागाला चाळवीत जाते. माणसांच्या रांगेत एकाने पुढच्याला खांद्यावर टिचकी मारावी, त्याने त्याच्या पुढच्याला, तसे. कोणी जागचा हलत नाही, पण टिचकी पोचते. एका टिचकीला सेकंदाचा सुमारे हजारावा भाग लागतो. एवढे एक वाक्य लक्षात राहिले तर विजेच्या सगळ्या उपचारांची उकल त्यातूनच होते.

दुसरी गोष्ट अशी की सगळे तंतू सारखे नसतात. अमेरिकेतील अर्लांगर आणि गॅसर यांनी ती निवड करून दाखविली, त्यांना १९४४ चे नोबेल मिळाले. स्पर्शाची बातमी नेणारे तंतू जाड. त्यांच्यातून संदेश सेकंदाला ५० मीटरच्या आसपास वेगाने जातो. ठणक आणि जळजळ नेणारे तंतू अगदी बारीक. त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे बहुतेक आपल्या चालण्याइतका. उंबऱ्याला करंगळी आपटते तेव्हा आपटल्याचे आधी कळते, आणि 'आई गं' म्हणावयास लावणारी ती खरी ठणक क्षणभराने येते. बातमी दोन रस्त्यांनी निघालेली असते.

आणि आपटलेल्या करंगळीला आपण काय करतो? चोळतो. चोळल्याने बरे का वाटते, याचे उत्तर १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या दोघांनी मांडले. आमच्या शाळेच्या फाटकावर एक शिपाई असतो. सुट्टीच्या वेळी मुलांचा लोंढा फाटकावर आला की तो त्यांच्यातच गुंततो, आणि बाहेरून कोणी तक्रार घेऊन आला तर त्याला म्हणतो, थांबा जरा. मज्जारज्जूच्या मागच्या शिंगात असेच फाटक आहे असे त्यांचे म्हणणे. जाड तंतूंतून स्पर्शाचा लोंढा आला की तेथले छोटे मध्यस्थ मज्जापेशी जागे होतात आणि बारीक तंतूंनी आणलेली वेदनेची तक्रार वर मेंदूकडे जाऊ देत नाहीत. या सिद्धान्तातल्या बारीकसारीक मांडणीत पुढे बदल करावे लागले. पण स्पर्शाने वेदना दबते आणि ती मज्जारज्जूतच दबते, हा गाभा टिकून राहिला.

झाले, आता विजेला काम मिळाले. जाड तंतू थोड्या विजेनेच जागे होतात, बारीक तंतूंना अधिक वीज लागते. म्हणून वीज बेताची ठेवली तर केवळ स्पर्शाचे तंतू चाळविता येतात आणि वेदनेचे झोपलेले राहतात. वॉल आणि स्वीट यांनी हे आधी स्वतःच्या चेहऱ्यावरील मज्जातंतूंवर करून पाहिले, मग रोग्यांवर, आणि १९६७ साली प्रसिद्ध केले. तेथून निघाले ते खिशात मावणारे छोटे यंत्र, ज्याला टेन्स म्हणतात. त्याच्या पट्ट्या कातडीवर चिकटवावयाच्या, सेकंदाला ५० ते १०० ठोके द्यावयाचे, आणि मुंग्या याव्यात पण दुखू नये इतकाच जोर ठेवावयाचा. सेकंदाला दोन-चार असे संथ पण जोरकस ठोके दिले तर आणखी एक मार्ग उघडतो: मेंदू आणि मज्जारज्जू अफूसारखी स्वतःची द्रव्ये सोडतात. ही द्रव्ये ह्यूज आणि कॉस्टर्लिट्झ यांनी अ‍ॅबर्डीन येथे १९७५ साली शोधली. अफूचा उतारा टोचला की संथ ठोक्यांचा आराम ओसरतो, यावरून हा अंदाज बळावला.

कल्पना मात्र फार जुनी. रोमन सम्राट क्लॉडियसच्या काळातील स्क्रिबोनियस हा वैद्य संधिवाताच्या रोग्याला ओल्या किनाऱ्यावर उभा करून पायाखाली जिवंत वीजमासा ठेवीत असे, पाय गुडघ्यापर्यंत बधिर होईस्तोवर! त्याला फाटक ठाऊक नव्हते, फरक पडतो एवढे ठाऊक होते. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत कंबरेला बांधावयाचे 'विजेचे पट्टे' झपाट्याने विकले गेले ते सर्व रोगांवरचा उपाय म्हणून. खऱ्या गोष्टीला खोट्याचा शेपटा जोडण्याची कला काही आजची नव्हे.

आता आपल्या अर्जांतले 'करंट' एकेक पाहू. व्यायामोपचाराच्या खोलीत जाऊन घेतात तो बहुधा दोन प्रकारचा. पहिल्याला आयएफटी म्हणतात. कातडी संथ विजेला फार विरोध करते, जलद विजेला कमी. म्हणून सेकंदाला सुमारे ४,००० आवर्तनांचे दोन प्रवाह दोन जोड्यांनी आत सोडतात, एक ४,००० चा आणि दुसरा समजा ४,१०० चा. जेथे ते एकमेकांना छेदतात तेथे फरकाचे, म्हणजे १०० चे, ठोके तयार होतात. तबल्याच्या दोन पुड्या किंचित वेगळ्या सुरात लागल्या म्हणजे 'वांव वांव' ऐकू येते, तीच ही गोष्ट. उद्देश टेन्सचाच, वाट वेगळी. दुसरा प्रकार म्हणजे शॉर्टवेव्हचा शेक. त्यात सेकंदाला २ कोटी ७१ लाख आवर्तने असतात. मघाशी सांगितले की तंतूला एका टिचकीस सेकंदाचा हजारावा भाग लागतो. तो या घाईला काय जुमानणार? म्हणून येथे मज्जातंतू चाळवला जात नाही, नुसती ऊब तयार होते. स्नायू सैल होतात, बरे वाटते. तो विजेचा उपचार कमी आणि शेक अधिक.

या दोहोंनी चकती आत जाते काय? नाही. मुळाची सूज उतरते असा भरवशाचा पुरावा आहे काय? तोही नाही. वेदनेची बातमी काही वेळ अडते, इतकेच. टेन्सविषयी २०२२ साली ३८१ प्रयोगांचा एकत्रित आढावा निघाला (कंबरेच्याच नव्हे, सर्व प्रकारच्या वेदनांचा), त्यात यंत्र चालू असताना व लगेच नंतर, खोट्या यंत्रापेक्षा, वेदना कमी होते असे आढळले. उलट इंग्लंडच्या नाईस या मार्गदर्शक संस्थेने २०१६ साली, कंबरदुखी व पायात उतरणारी कळ यांसाठी टेन्स आणि आयएफटी देऊ नयेत अशी शिफारस केली, कारण रोग्याच्या चालण्याफिरण्यात टिकाऊ फरक पडल्याचे दिसेना. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. छत्रीने पाऊस थांबत नाही. बाजारात जाऊन येता येते. माझे स्वतःचे मत असे की घरातल्या घरात, दोन-तीन हजारांत मिळणाऱ्या छोट्या यंत्राने कोणाला रात्री दोन तास झोप मिळत असेल, किंवा डॉक्टरांनी सांगितलेले चालणे जमत असेल, तर त्याला नावे ठेवू नयेत. पण त्यासाठी चाळीस बैठकांचे आगाऊ पैसे भरू नयेत.

सुईतला करंट ही निराळीच जात. त्यात क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत सुई मुळाच्या गाठीजवळ नेतात. या गाठीत संवेदनेच्या पेशींची शरीरे असतात. सुईच्या टोकातून सेकंदाला सुमारे पाच लाख आवर्तनांची वीज देतात. ती सतत दिली तर टोकाचे तापमान ८० अंशांपर्यंत नेऊन तंतू जाळता येतो. मणक्यांच्या लहान सांध्यांच्या दुखण्यात तसे करतात. पण पायाच्या मुळाला जाळले तर पायाचा जोर आणि स्पर्श जाईल. म्हणून हॉलंडच्या स्लाइटर यांनी १९९० नंतरच्या दशकात तुकड्या-तुकड्यांची पद्धत आणली: सेकंदात दोन वेळा, प्रत्येक वेळी सेकंदाचा पन्नासावा भाग वीज, बाकी वेळ विश्रांती. विश्रांतीत ऊब पसरून जाते आणि टोक ४२ अंशांपलीकडे तापू देत नाहीत. मग गुण कशाने येतो? त्या विद्युत्क्षेत्राने बारीक तंतूंच्या पेशींत काही बदल होत असावा असे मानतात. यावर अद्याप एकमत नाही. मानेच्या मुळाच्या दुखण्यात २००७ साली २३ रोग्यांवर खोट्या उपचाराशी तुलना करून प्रयोग झाला, तीन महिन्यांनी खरा उपचार मिळालेल्यांत फरक दिसला. २३ हा आकडा लहान आहे, आणि कंबरेच्या मुळाबाबतचा पुरावा त्याहून डळमळीत आहे. ज्याला महिनोन् महिने झोप नाही आणि शस्त्रक्रिया नको आहे, त्याने जाणत्या डॉक्टरांकडे याची चौकशी करावी, यापलीकडे मी जाणार नाही.

शेवटचे, लाखोंचे यंत्र. मज्जारज्जूच्या मागे, आवरणाबाहेर, तारा सरकवितात आणि कातडीखाली बॅटरी बसवितात. अमेरिकेतील शीली यांनी १९६७ साली कर्करोगाच्या एका रोग्याला ते प्रथम बसविले. फाटकाच्या सिद्धान्ताचे हे थेट अपत्य. शस्त्रक्रिया होऊनही पायाची कळ न गेलेल्या १०० रोग्यांवरचा एक प्रयोग २००७ साली गाजला: सहा महिन्यांनी यंत्रवाल्यांपैकी ४८ टक्क्यांची कळ निम्म्याहून कमी झाली, नुसत्या औषधवाल्यांत ९ टक्क्यांचीच. पण कोणाला यंत्र मिळाले आणि कोणाला नाही, हे तेथे रोग्यांना ठाऊक होते. नॉर्वेत एक पाऊल पुढे गेले. तेथे ५० रोग्यांना यंत्र बसविले आणि त्यांना नकळत ते तीन-तीन महिने चालू आणि तीन-तीन महिने बंद ठेवले. २०२२ साली निकाल आला: रोजच्या हालचालींतील अडचणीत चालू आणि बंद यांत म्हणण्याजोगा फरक नाही, बंद असतानाही लोकांना बरे वाटत होते! वीज कोणत्या मांडणीने दिली यावर तज्ज्ञांत वाद झाला, आणि तो रास्तही असेल. पण एवढ्या खर्चाचा अर्ज समितीपुढे आला तर दुसऱ्या डॉक्टरांचे लेखी मत मागितल्यावाचून त्यावर सही करू नये, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. ही निष्ठुरता नव्हे. ज्याच्या पाठीत तार बसावयाची आहे त्याच्याच हिताचे ते आहे.

आता मघाशी म्हटलेले वेळेचे. आपल्या ओळखीतील एक गृहस्थ, ओतकाम करणारे. पायात कळ, म्हणून कोणाच्या सांगण्यावरून एका हॉलमध्ये जाऊ लागले. तेथे खुर्च्या मांडून ठेवलेल्या, तळपायाखाली विजेच्या पट्ट्या, आणि साखर, रक्तदाब, गुडघे, कंबर अशा सर्वांवर एकच यंत्र. दहा दिवसांत त्यांचे दुखणे कमी झाले. घरात आनंद; यंत्र विकत घ्यावे म्हणून पत्नीने बांगड्याही काढून ठेवल्या. पण त्याच सुमारास त्यांची चप्पल चालताना पायातून निसटू लागली, आणि पुढे लघवी केव्हा झाली तेही कळेना. 'दुखत तर नाही ना?' म्हणून आणखी चार दिवस गेले. शस्त्रक्रिया झाली, ती उशिरा झाली. पाऊल आजही पुरते उचलत नाही. दुखणे यासाठी थांबले होते की मूळच बधिर होत चालले होते. तारच तुटली तर घंटा वाजावयाची कशी?

म्हणून घरातल्या थोरांनी, विशेषतः लाजून न सांगणाऱ्या आजीआजोबांच्या सुनामुलांनी, ही लक्षणे पाठ करून ठेवावीत. लघवी अडणे किंवा नकळत होणे. शौचावरचा ताबा जाणे. बसताना जी जागा घोड्याच्या खोगिराला लागेल ती जागा बधिर होणे. पाऊल किंवा अंगठा वर न उचलणे. दोन्ही पायांत एकदम कमजोरी येणे. यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी त्याच रात्री, मोठ्या रुग्णालयात न्यावे. करंट नको, शेक नको, मालीश नको, उद्या नको. दुखण्यासोबत ताप असेल, वजन घटत असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल किंवा पडून मार लागला असेल, तरी आधी डॉक्टर.

हृदयाला पेसमेकर बसविलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतेही विजेचे यंत्र लावू नये. शॉर्टवेव्हचा शेक तर घेऊच नये. गरोदर बाईच्या पोटावर किंवा कंबरेवर, कोणाच्याही गळ्याच्या पुढल्या भागावर, फिट येणाऱ्याच्या मानेवर वा डोक्यावर पट्ट्या लावू नयेत. मधुमेहाने पाय बधिर असेल तर त्यावर शेक व वीज दोन्ही धोक्याची, कारण भाजलेले कळत नाही.

समितीपुढे माझी एक सूचना आहे, ती अध्यक्षांच्या परवानगीने येथेच मांडतो. आपल्या ट्रस्टच्या कपाटात चाकांची खुर्ची, वॉकर, पाण्याची गादी अशा वस्तू असतात आणि सभासद त्या नेऊन परत आणून देतात. त्याच कपाटात टेन्सची दोन छोटी यंत्रे ठेवावीत. डॉक्टरांची चिठ्ठी दाखविणाऱ्याला ती पंधरा दिवसांसाठी द्यावीत. पट्ट्या ज्याच्या त्याने नव्या घ्याव्यात. यंत्राच्या डबीवर आतल्या बाजूला वर सांगितलेली लक्षणे मराठीत मोठ्या अक्षरांत चिकटवावीत. अक्षर माझ्या विद्यार्थ्यांकडून काढून देण्याची जबाबदारी मी घेतो. पंधरा दिवसांत ज्याला उपयोग वाटला त्याने बाजारातून आपले यंत्र घ्यावे. ज्याला वाटला नाही, त्याच्या घरातली बांगडी घरातच राहील.